शिवाजीनगरचा विसावा : ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाची वाटचाल

महाराष्ट्रातल्या मिशन संस्थांचा इतिहास बहुतेक वेळा इमारतींच्या हिशेबाने सांगितला जातो. अमुक साली शाळा निघाली, तमुक साली दवाखाना, पुढे वसतिगृह, मग शतकमहोत्सव आणि स्मरणिका. पुण्याच्या शिवाजीनगर भागातल्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाला हे माप लावले तर हाती फारसे काही लागत नाही. त्याने नावाजलेले कॉलेज काढले नाही, मोठे रुग्णालय उभारले नाही. उलट पहिल्या पन्नास वर्षांतच तो एकदा दुभंगला, पुढे जवळजवळ ओस पडला, आणि मग अगदी वेगळ्याच माणसांनी येऊन त्याचे दार पुन्हा उघडले. तरीही ख्रिस्ती श्रद्धेतला विसावा मराठी मुलखात कसा रुजला हे सांगताना या आश्रमाला वगळून पुढे जाता येत नाही.

ख्रिस्ती धर्मात विश्रांतीला फार जुने स्थान आहे. सहा दिवसांच्या निर्मितीनंतर सातव्या दिवशी देवाने विसावा घेतला अशी बायबलच्या पहिल्याच पुस्तकातली कथा. त्यावरून आलेला शब्बाथ. पुढे कष्टकरी आणि ओझ्याने वाकलेल्यांना येशूने दिलेले आमंत्रण. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात एक प्रसंग आहे. गावोगाव फिरून दमलेले शिष्य परत येतात. भोवती माणसांची एवढी वर्दळ असते, की त्यांना धड जेवायलाही सवड मिळत नाही. येशू त्यांना म्हणतो, निवांत जागी चला, थोडा विसावा घ्या. प्रवचनांत हा प्रसंग बहुधा इथेच थांबवला जातो. पण पुढची हकिकत अशी, की नाव किनाऱ्याला लागण्याआधीच लोक पायी धावत तिथे पोहोचलेले असतात. येशूला त्यांचा कळवळा येतो, तो त्यांना शिकवत बसतो आणि संध्याकाळी पाच हजारांची पंगत उठते.

निवांत जागा हवी, आणि तिथेही माणसे येणारच. या दोहोंचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न या आश्रमाला जन्मापासून पुरला.

नगरचा वारसा

आश्रमाची सुरुवात पुण्यात नव्हे, अहमदनगरला झाली. आणि तिच्यामागे एका मराठी कवीची प्रेरणा होती. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नंतरची दोन दशके त्यांनी मिशनचे काम केले, ‘ज्ञानोदय’साठी लिहिले, मराठी चर्चमध्ये आजही गायली जाणारी भजने रचली, ख्रिस्तचरित्रावर कीर्तने केली. पण मिशनच्या चौकटीत त्यांचा जीव रमत नव्हता. पगार देणारे परदेशी आणि पगार घेणारे देशी अशा व्यवस्थेत गुरू-शिष्याचे नाते उगवत नाही, हे त्यांना उमगले होते. १९१७ साली ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला आहे आणि ज्यांनी घेतलेला नाही, अशा दोघांनीही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र यावे, ही त्यामागची कल्पना. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले आणि दरबार आकाराला येण्याआधीच विस्कटला.

टिळकांचे हे अपुरे राहिलेले स्वप्न जवळून पाहणाऱ्यांत जॅक विन्स्लो नावाचे एक इंग्रज पाद्री होते. जन्म १८८२चा, शिक्षण ईटन आणि ऑक्सफर्डचे. १९१४ साली ते एसपीजी या अँग्लिकन मिशनतर्फे भारतात आले आणि नगरच्या कामात रुजू झाले. नगरला मिशनचा बंगला, बंगल्याला नोकरचाकर, आणि बंगल्याच्या पायरीशी उभे राहणारे देशी सहकारी हा सगळा थाट त्यांना खुपू लागला. इंग्रज मिशनरी देशी माणसावर प्रेम करतो असे म्हणतो, पण त्याच्या पंगतीला बसत नाही, हे त्यांना कळून चुकले. १९२० साली त्यांचे भारतातल्या प्रभुभोजनाच्या उपासनेवरचे पुस्तक निघाले. उपासनेचा इंग्रजी साचा भारतीय मनाला परका आहे, त्यापेक्षा केरळच्या सीरियन परंपरेतली पूर्वेकडची उपासना इथे अधिक जवळची ठरेल, असा त्याचा रोख होता. तीन वर्षांनी टिळकांचे चरित्रही त्यांनीच इंग्रजीत लिहिले.

१९२२ : संघाची स्थापना

१९२२ साली विन्स्लो आणि काही तरुण देशी ख्रिस्ती यांनी मिळून नगरला ‘ख्रिस्त सेवा संघ’ सुरू केला. काळ असहकाराचा होता. त्याच वर्षी मार्चमध्ये गांधीजींना शिक्षा होऊन येरवड्याला आणले गेले. आदल्याच वर्षी तमिळ मुलखात तिरुपत्तूरला सावरीरायन जेसुदासन आणि अर्नेस्ट फॉरेस्टर-पेटन या दोन डॉक्टरांनी ‘ख्रिस्तकुल आश्रम’ काढला होता. ख्रिस्ती माणसांनी आश्रम काढावेत ही कल्पना तेव्हा हवेत होती. विन्स्लोंनी तिला मराठी मुलखात घर दिले.

संघाचा बेत साधा होता. पैसा सामाईक, कपडा खादीचा, जेवण जमिनीवर बसून. इंग्रज आणि मराठी सभासदांत मानाचा फरक नाही. गावांत जाऊन सेवा करायची, आजाऱ्यांची शुश्रूषा करायची, पण दिवसाचे ठरावीक प्रहर प्रार्थनेसाठी राखायचे. आदर्श असिसीच्या संत फ्रान्सिसचा. दारिद्र्याशी लग्न लावणारा हा इटालियन संत भारतीय मनाला वैराग्याच्या वाटेने लगेच ओळखीचा होतो, हे विन्स्लोंनी हेरले होते.

‘सेवा’ हा संघाच्या नावातला मधला शब्द होता आणि पहिली काही वर्षे सारा भर त्याच्यावरच राहिला. तरी १९२३ सालीच विन्स्लोंनी ख्रिस्ती योगावर छोटे पुस्तक लिहिले. शरीर सैल सोडून, श्वास शांत करून, मन एकाग्र करून ख्रिस्ताच्या सान्निध्यात बसणे हा प्रार्थनेचाच भाग आहे, असा त्याचा विचार. आज चर्चच्या ध्यानशिबिरात हे कुणाला नवे वाटणार नाही. शंभर वर्षांपूर्वी इंग्रज पाद्र्याने योग शब्द आदराने वापरणे हीच मोठी गोष्ट होती.

पुण्यातले भरतीचे दिवस

१९२७ साली संघाचा मुक्काम पुण्याला, शिवाजीनगरला हलला. त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्लंडहून ताज्या दमाच्या तरुणांची एक तुकडी येऊन दाखल झाली. तिच्यात अल्जी रॉबर्टसन होते आणि पंचविशीतले व्हेरिअर एल्विन होते. पुढे संघाची धुरा वाहणारे विल्यम लॅश हेही याच पिढीतले. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे पदवीधर खादी नेसून पुण्यात पंगतीला बसू लागले, मराठीचे धडे गिरवू लागले.

पुण्याला ख्रिस्ती संन्यासी मंडळे नवी नव्हती. पंचहौदच्या आवारात अँग्लिकन संन्यासी आणि इंग्लंडमधल्या वाँटेजच्या भगिनी १८७० च्या दशकापासून काम करत होत्या. पण ती मंडळे इंग्रजी वळणाची. संघाचे वेगळेपण असे, की इथे इंग्रजांनी देशी राहणी घ्यायची होती आणि शिकण्याच्या भूमिकेत राहायचे होते.

या काळात संघाने आपली तत्त्वे लिहून काढली. प्रार्थना, अभ्यास आणि काम हे सेवेचे तीन मार्ग. नम्रता, प्रेम आणि आनंद या सभासदाच्या अंगी दिसाव्यात अशा तीन खुणा. ब्रह्मचर्याचे व्रत घेणाऱ्यांप्रमाणेच संसारात राहून नियम पाळणाऱ्यांनाही संघात जागा होती. मार्गांच्या यादीत प्रार्थना पहिली आणि काम शेवटचे आहे, हे ध्यानात घेण्यासारखे. सेवेसाठी निघालेल्या संघाला पाच-सहा वर्षांत एवढे कळले होते, की प्रार्थनेची बैठक मोडली की सेवा नुसती धावपळ होते.

एल्विन यांचे या वर्षांतले लेखन हेच सांगते. पुढे आदिवासींचे अभ्यासक म्हणून जगाला ठाऊक झालेल्या या माणसाची सुरुवातीची पुस्तके ख्रिस्ती गूढवादावर आहेत. १९३० साली त्यांनी ‘ख्रिश्चन ध्यान’ लिहिले. चौदाव्या शतकातल्या एका निनावी इंग्रज साधकाच्या ‘अज्ञेयाचा मेघ’ या ग्रंथाचे विवरण ते करते. विचार, चित्र, कल्पना सगळे बाजूला ठेवून केवळ प्रेमाने देवाकडे पाहत राहणे, ही त्या ग्रंथाची साधना. पुण्यात बसून एल्विन इंग्लंडचाच विसरलेला वारसा भारतीय शब्दांतून पुन्हा वाचत होते. युरोपीय ख्रिस्ती माणसाला त्याच्याच घरातली मौनाची खोली दाखवण्याचे काम भारताने केले, याचे हे एक ठळक उदाहरण.

राजकारण, मतभेद, दुभंग

पण १९३० साली पुण्यात बसून केवळ ध्यान करत राहणे शक्य नव्हते. मिठाच्या सत्याग्रहाने देश पेटला होता. विन्स्लो आणि एल्विन यांनी मिळून १९३१ साली भारतीय स्वातंत्र्याच्या बाजूने पुस्तक लिहिले. एल्विन त्याआधीच, १९२८ च्या जानेवारीत, साबरमतीला जाऊन गांधीजींना भेटले होते आणि त्यांच्या प्रभावाखाली आले होते. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे मुंबईत मणिभवनात गांधीजींना अटक झाली, तेव्हा एल्विन आणि त्यांचे संघातले मराठी मित्र शामराव हिवाळे तिथेच होते. त्याच महिन्यात दोघे मध्य प्रांतातल्या मंडला जिल्ह्यात करंजिया इथे गोंडांमध्ये राहायला गेले. एल्विन पुण्याला परतले नाहीत. काही वर्षांत त्यांनी पाद्रीपणही सोडले.

रॉबर्टसन त्याआधीच प्रकृतीच्या कारणाने इंग्लंडला परतले होते. १९३४ साली खुद्द विन्स्लो मायदेशी गेले. त्याच सुमारास संघ दुभंगला. मुद्दा जुनाच होता. ब्रह्मचर्याची व्रते घेणाऱ्यांचा नियम आणि कुटुंबवत्सल सभासदांचे जीवन एका छपराखाली किती काळ नांदेल? व्रतस्थांच्या गटाने ‘ख्रिस्त प्रेम सेवा संघ’ असे नाव घेतले आणि पुण्याची वास्तू त्यांच्याकडे राहिली. बाकीचे आपल्या वाटेने गेले. नावात ‘प्रेम’ आले ते नेमके फुटीच्या वेळी, हा योगायोग विन्स्लोंच्या वाचकांना बोचल्याशिवाय राहत नाही.

स्थापनेनंतर बारा वर्षांत संस्थापक गेला, सर्वांत प्रतिभावान सभासद गेला, मंडळाची दोन शकले झाली. अपयशाची यादी करायची तर एवढे पुरे. मात्र गेलेले लोक कुठे गेले आणि काय घेऊन गेले, हे पाहिल्याशिवाय तो निकाल देता येत नाही.

गेलेल्यांनी नेलेली शिदोरी

रॉबर्टसन इंग्लंडला परतताना संघाची तत्त्वे सोबत घेऊन गेले. १९३० च्या दशकात तिथल्या काही फ्रान्सिसपंथी अँग्लिकन मंडळांचे एकत्रीकरण होऊन ‘सोसायटी ऑफ सेंट फ्रान्सिस’ उभी राहिली. डॉर्सेटमधले हिलफिल्ड हे तिचे मुख्य घर. रॉबर्टसन तिच्या संस्थापकांपैकी एक. पुण्यात बांधली गेलेली ती तत्त्वे या सोसायटीने आपली म्हणून स्वीकारली. महिन्याच्या दिवसांत वाटून, रोज थोडी थोडी, ती आजही वाचली जातात. प्रार्थना-अभ्यास-काम आणि नम्रता-प्रेम-आनंद ही त्रिकुटे आज इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांतले अँग्लिकन फ्रान्सिसपंथी म्हणतात. मिशनच्या इतिहासात नियम पश्चिमेकडून येतात आणि पूर्वेकडे पाळले जातात अशीच आपली समजूत असते. इथे प्रवाह उलटा वाहिला.

विन्स्लोंचे पुढचे आयुष्यही याच धाग्याने विणलेले दिसते. काही काळ ते ऑक्सफर्ड ग्रुपच्या चळवळीत होते, मग एका निवासी शाळेत धर्मगुरू. १९४८ पासून ते उत्तर डेव्हनच्या किनाऱ्यावरल्या ‘ली अॅबी’ या केंद्रात धर्मगुरू म्हणून राहिले. ली अॅबी दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाले. युद्धाने थकलेल्या, चर्चपासून दुरावलेल्या साध्या माणसांनी सुट्टी घालवायला यावे, समुद्रकाठी हिंडावे, एकत्र जेवावे, इच्छा झाली तर प्रार्थनेला बसावे, आणि या साऱ्यातून श्रद्धा पुन्हा उमलावी, अशी ती योजना. सेवेसाठी गावोगाव जाणारा नगरचा पाद्री आयुष्याच्या उत्तरार्धात येणाऱ्यांना विसावा देणाऱ्या घरात रमला. १९५४ साली त्यांनी आत्मचरित्र लिहिले. १९७४ साली ते वारले.

एल्विन यांची वाट चर्चबाहेर गेली. १९५४ साली ते भारताचे नागरिक झाले, १९६१ साली पद्मभूषण झाले. शामराव हिवाळे त्यांच्यासोबत गोंड मुलखात गेले आणि तिथल्या सेवेत त्यांनी आयुष्य घातले. त्या दोघांना आश्रमाचे यश म्हणावे की गळती, यावर चर्चमध्ये एकमत होणार नाही. पण साधे राहणे, खालच्या मानेने ऐकणे आणि माणसाला आधी माणूस म्हणून भेटणे हे त्यांनी शिवाजीनगरच्या पंगतीतच गिरवले होते.

ओहोटी

पुण्यात विल्यम लॅश यांनी आचार्य म्हणून घर सांभाळले. १९४७ साली त्यांची मुंबईचे बिशप म्हणून निवड झाली आणि १९६१ पर्यंत ते त्या पदावर होते. खादी नेसणारा आश्रमवासी बिशप होतो, हा मान मोठा. पण आश्रमाचा मुख्य माणूस त्यात गेला. स्वातंत्र्यानंतर इंग्लंडहून नवे तरुण येण्याचे थांबले. व्रते घेऊन अँग्लिकन आश्रमात आयुष्य काढावे असे मराठी ख्रिस्ती तरुणांना मोठ्या संख्येने वाटले नाही. त्याची कारणे घरगुती होती. नगर-औरंगाबादकडच्या बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबांची ती शिकून नोकरीला लागणारी पहिली-दुसरी पिढी. आईवडिलांच्या आशा त्या मुलांवर. पिढ्यान्‌पिढ्या सक्तीचे दारिद्र्य भोगलेल्या घरातल्या मुलाला स्वेच्छेच्या दारिद्र्याचे आकर्षण वाटावे ही अपेक्षाच अवघड होती. १९६० चे दशक संपता संपता वास्तू होती, नाव होते, माणसे विरळ झाली होती.

१९७२ : दुसऱ्यांदा दार उघडते

या मधल्या काळात जगातल्या चर्चची हवा पालटली होती. १९६२ ते १९६५ या वर्षांत दुसरी व्हॅटिकन परिषद झाली. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते कॅथलिक चर्च नाकारत नाही, अशी भूमिका तिने घेतली. १९६९ साली भारतातल्या कॅथलिक उपासनेसाठी रोमने बारा गोष्टींना संमती दिली: जमिनीवर बसणे, पादत्राणे बाहेर ठेवणे, आरती, समई, अंगवस्त्र अशा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला अनेक प्रॉटेस्टंट चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली; अँग्लिकनही तिच्यात आले. पन्नास वर्षांपूर्वी विन्स्लो ज्याच्यासाठी एकाकी धडपडत होते, ते आता अधिकृत ठरावांत उतरत होते.

१९७२ साली शिवाजीनगरच्या वास्तूत दोन संन्यासिनी मंडळांच्या भगिनी एकत्र राहायला आल्या. एक मंडळ अँग्लिकन, वाँटेजच्या सेंट मेरी द व्हर्जिनचे. दुसरे कॅथलिक, सेक्रेड हार्टचे. वाँटेजचे नाव मराठी वाचकाला अनोळखी नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्या याच भगिनींकडे, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजलाच मुलगी मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. रमाबाईंचे आणि त्या भगिनींचे मतभेदही जाहीर आहेत. ख्रिस्त स्वीकारला म्हणजे इंग्रजी चर्चची प्रत्येक शिस्त स्वीकारली असे होत नाही, हे रमाबाई त्यांना पत्रांतून ठणकावत राहिल्या. नव्वद वर्षांनी त्याच मंडळाच्या भगिनी पुण्यात भारतीय रीतीने जमिनीवर बसून प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंचा मुद्दा उशिरा का होईना, पोहोचला म्हणायचा.

सेक्रेड हार्टच्या बाजूने दोन नावे महत्त्वाची. वंदना माताजी मुंबईच्या पारशी कुटुंबातल्या. त्या पुढे हिमालयाच्या बाजूला, ऋषिकेशला गेल्या आणि तिथे जीवनधारा आश्रम त्यांनी उभा केला. आश्रमपरंपरा आणि ख्रिस्ती जीवन यांवर त्यांनी पुष्कळ लिहिले. दुसऱ्या सारा ग्रँट. मूळच्या ब्रिटनच्या, १९५० च्या दशकात भारतात आल्या, मुंबईच्या सोफिया कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवले. शंकराचार्यांच्या विचारातील संबंधाच्या संकल्पनेवर त्यांनी डॉक्टरेट केली. अद्वैत म्हणजे जग खोटे ठरवणे असा जो ढोबळ अर्थ लावला जातो तो त्यांना मान्य नव्हता. सृष्टी ब्रह्मावर सर्वस्वी अवलंबून आहे, पण ब्रह्माला तिच्यामुळे काही कमीजास्त होत नाही, हा शंकराचार्यांचा विचार आणि संत थॉमस अॅक्वायनस यांचा सृष्टी-ईश्वर संबंधाचा विचार एकमेकांच्या फार जवळ येतात, असे त्यांनी दाखवले. १९८९ साली केंब्रिजला ‘टीप’ व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी स्वतःला अद्वैती ख्रिस्ती म्हणवले. अनेक वर्षे आश्रमाच्या आचार्य त्याच होत्या.

मौनाचा दिनक्रम

नव्या आश्रमाने जुन्या नावातली सेवा सोडली नाही, तिची दिशा बदलली. पूर्वी आश्रमवासी लोकांकडे जात. आता लोक आश्रमाकडे येऊ लागले. सेमिनरीचे विद्यार्थी, शाळा-दवाखान्यांत राबून थकलेल्या नन्स, पाद्री, परदेशी प्रवासी, कुठल्याच धर्माशी नीटसे न जुळलेले तरुण, आणि हिंदू साधकही. येणाऱ्याने बाप्तिस्मा घेतला आहे की नाही हे विचारले जात नव्हते. टिळकांचा दरबार असा, थोड्या वेगळ्या वेशात, पुण्यात भरू लागला.

आश्रमाच्या दिवसाला प्रार्थनेच्या वेळांचा कणा होता. सकाळ, दुपार, संध्याकाळ ठरल्या वेळी सारे जमायचे. बायबलच्या वाचनासोबत उपनिषदांतले किंवा गीतेतले उतारे वाचले जात. मध्ये मौन. बाकी वेळात अभ्यास, बाग, स्वयंपाक, झाडलोट. जेवण साधे, शाकाहारी. आलेल्या माणसाला कार्यक्रमपत्रिका दिली जात नव्हती. दिनक्रमात त्याने स्वतः सामील व्हायचे होते.

यातच या विसाव्याचे मर्म आहे. थकलेल्या माणसाला आपण नेहमी निवडीचे स्वातंत्र्य देऊ पाहतो: हवे ते करा, हवे तेव्हा उठा. पण निवडी करून करूनच तो थकलेला असतो. आश्रम त्याला उलटे काहीतरी देतो. केव्हा उठायचे, केव्हा गप्प बसायचे, केव्हा जेवायचे हे आधीच ठरलेले. ते पाळणारी माणसे आधीपासून तिथे बसलेली. त्यांच्या रांगेत जाऊन बसायचे, एवढेच काम. रात्रभर चालत आलेला वाटसरू धर्मशाळेत पाठ टेकतो तशी ही विश्रांती नाही. ती झोपेपेक्षा लयीतून येते.

ख्रिस्ती एकांतवासाची दुसरी मोठी परंपरा संत इग्नेशियस लोयोला यांची. १५२२ साली मनरेसाला त्यांना आलेल्या अनुभवातून ‘आध्यात्मिक साधना’ तयार झाली: तीस दिवसांची, किंवा संक्षेपाने आठ दिवसांची, मार्गदर्शकासह. वसईपासून गोव्यापर्यंतच्या कॅथलिक धर्मगुरूंना आणि नन्सना ती चांगली परिचयाची. तिच्यात टप्पे आहेत, पातकाची जाणीव आहे, निर्णय आहे. माणूस तिथून काहीतरी ठरवून बाहेर पडतो. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांची परंपरा संजीवन सभांची: गाणी, प्रवचन, पश्चात्ताप, साक्ष. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये झालेले संजीवन जगभर गाजले. या दोन्ही वाटांवर घडून येणाऱ्या घटनेला महत्त्व आहे. आश्रमाची तिसरी वाट घटनेची फारशी वाट पाहत नाही. देव आधीच इथे आहे, आपणच गैरहजर होतो. तेव्हा हजर राहायला शिकायचे, एवढीच तिची मागणी.

तिन्ही बाजूंनी प्रश्न

या प्रयोगाला विरोध झाला, आणि तो तीन बाजूंनी. जुन्या वळणाच्या ख्रिस्ती लोकांना आरती आणि उपनिषदे पाहून धास्ती वाटली: हा ख्रिस्तच आहे ना? हिंदू बाजूने उलटी शंका आली: ही वस्त्रे, ही समई म्हणजे धर्मांतराचे नवे जाळे तर नव्हे? १९८८ साली सीताराम गोयल यांनी कॅथलिक आश्रमांवर एक कडक टीकाग्रंथच प्रसिद्ध केला.

तिसरा प्रश्न सर्वांत खोल होता, आणि तो घरातून आला. १९८१ साली अरविंद निर्मल यांनी बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शूद्र ईश्वरविज्ञानाची मांडणी केली. तिच्यातूनच पुढे दलित ईश्वरविज्ञान उभे राहिले. भारतीय ख्रिस्ती विचार म्हणून जे मिरवले जाते ते बहुतेक ब्राह्मणी परंपरेशी केलेले संभाषण आहे; चर्चमधल्या बहुसंख्य दलितांच्या वेदनेला त्यात जागा नाही, असा त्याचा आक्षेप. शिवाजीनगरच्या आश्रमाला तो थेट लागू पडतो. संस्कृत श्लोक ज्याच्या आज्याच्या कानावरही पडू दिले गेले नाहीत, त्याला त्याच श्लोकांत विसावा कसा मिळावा?

याला पुरे पडेल असे उत्तर आश्रमाकडे नव्हते. इतके मात्र म्हणता येते, की त्याच्या मुळाशी केवळ उपनिषदे नव्हती. एका टोकाला नगरची भजने आणि कीर्तने होती, खादी होती, एका पंगतीचा आग्रह होता. या धाग्याकडे पुढच्या काळात दुर्लक्ष झाले. मराठी ख्रिस्ती माणसासाठी विसाव्याचे घर कुणी पुन्हा काढलेच, तर त्याला शंकराचार्यांइतकेच चोखोबांकडेही जावे लागेल.

शिल्लक

मग या वाटचालीचा हिशेब काय लागतो? सभासदसंख्या कधीच मोठी नव्हती. संस्थापक बारा वर्षांत परतला. तरी नगरला सुरू झालेल्या संघाचा नियम आज अनेक देशांत वाचला जातो. त्यातला एक माणूस गोंडांचा झाला, एक मुंबईचा बिशप झाला, एकाने इंग्लंडमध्ये नवे फ्रान्सिसपंथी घर उभे केले. आणि आश्रमाच्या दुसऱ्या जन्मात पुण्यातून ऋषिकेशपर्यंत एक फांदी गेली. आलेल्या माणसाला कायमचे ठेवून घेणे हा शाळेचा किंवा मठाचा धर्म असू शकतो. विसाव्याच्या घराचे काम माणूस परत धाडण्यात पुरे होते. मार्कच्या गोष्टीतल्या शिष्यांनाही नाव शेवटी गर्दीच्याच काठाला लावावी लागली.

आज एकांतवास विकतही मिळतो. डोंगरमाथ्यावरचे रिसॉर्ट, ध्यानाचे पॅकेज, मोबाइल जमा करून घेणारे आठवडे. चर्चकडेही शिबिरांच्या जागा आहेत आणि त्या जमिनींवरून वादही आहेत. या आश्रमाच्या शंभर वर्षांतून एक व्यवहारी धडा निघतो. १९६० च्या दशकात वास्तू शाबूत होती, पण प्रार्थनेला बसणारी माणसे उरली नव्हती, तेव्हा तिथे कुणालाच विसावा मिळत नव्हता. १९७२ साली वास्तू तीच होती. फरक पडला तो ठरल्या वेळी रोज खाली बसणाऱ्या मूठभर भगिनींमुळे. पाहुणा येवो न येवो, प्रार्थनेची वेळ न चुकवणारी चार माणसे असतील तरच थकलेल्याला टेकायला जागा होते. मराठी चर्चला जागेची तितकी चणचण नाही; अशी चार माणसे घडवणे आणि त्यांना पोसणे, हे त्याच्यापुढचे काम आहे.